मातृभाषा इंग्रजी, प्रस्तावित

माझ्या घरात इंग्रजी आणायची असं मी ठरवलं, तेव्हा घरात दोन भाषा आधीच राहत होत्या आणि खोल्याही दोनच होत्या. चुलीपाशी मराठी, अंगणाच्या पुढे हिंदी. पांढुर्ण्यात सगळ्यांचंच असं आहे. आमचे आजोबा कापसाच्या मागे वरूडकडून इकडे आले, पुढे राज्यांची वाटणी झाली आणि आम्ही रेषेच्या या बाजूला, मध्य प्रदेशात राहून गेलो. तेव्हापासून बायकोशी भांडायचं मराठीत, सरकारशी हिंदीत, आणि हरायचं दोन्हीकडे. माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली आमच्या साहेबांच्या मुलामुळे. मी मंडी समितीत बाबू. एक दिवस साहेबांचा सहा वर्षांचा मुलगा माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "अंकल, व्हेअर इज डॅडी?" आणि मी उठून उभा राहिलो! काऊन उभा राहिलो ते मला आजही सांगता येणार नाही. इंग्रजी ऐकली आणि पाय आपोआप उठले. अख्ख्या ऑफिसनं पाहिलं. घरी येऊन मंगलाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही बसून राहाचं होतं नं." बायकोला सहानुभूती मागू नये, हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो होतो, पण अधूनमधून विसरतो. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की माझ्या मुलीसमोर, अनूसमोरही कोणीतरी असंच उठून उभं राहिलं पाहिजे.

योगायोग असा की शहाऐंशी सालच्या जुलैत गावात इंग्रजी शाळा निघाली. जुन्या रुईच्या गोदामात. पत्रे तेच, भिंती त्याच, वारा आला की वरून कापसाचे फुगे पोरांच्या डोक्यावर पडायचे. मोठ्या मॅडम केरळच्या होत्या. इतक्या लांबून एकट्या आलेल्या, शाळेच्या मागच्याच खोलीत राहायच्या. त्यांना मराठी अजिबात येत नव्हती आणि हिंदी बेताची.

शेजारी देवीदासजी रिटायर पटवारी. सल्ला द्यायला त्यांना कारण लागत नाही. "मोतीरामभाऊ," ते म्हणाले, "इंग्रजी म्हणजे संत्र्याचं कलम होय. खुंट कवळा असताच डोळा बांधा लागते. तुमची अनू सहाची. आता नाही बांधला तं मंग पोट्टी जन्मभर जंबेरीच राहीन." जंबेरी म्हणजे ज्या आंबट झाडावर संत्र्याचा डोळा बांधतात ते. माझ्या मुलीला कोणी जंबेरी म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं? दुसऱ्या दिवशी फॉर्म आणला.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, मातृभाषा. मी आधी मराठी लिहिलं आणि खोडलं, कारण वाटलं, हे वाचून मॅडम काय म्हणतील. मग हिंदी लिहिलं आणि खोडलं, कारण ते खोटं होतं. शेवटी मंडीत जे काम अजून झालेलं नाही पण होणार आहे त्याला जो शब्द वापरतात तो वापरला आणि लिहिलं, 'इंग्रजी, प्रस्तावित'. मॅडमनी ते शाळेच्या गुणवंता चपराश्याकडून समजून घेतलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, आदरानं पाहून राहिल्या.

जन्मतारखेचं मात्र अडलं. अनूचा जन्म आजोळचा, सौसरकडच्या खेड्यातला. नोंद करायला गेले होते माझे सासरे, ज्यांना सगळा गाव बापूजी म्हणतो. जन्म कधी झाला असं विचारल्यावर या गृहस्थांनी सांगितलं होतं, 'संत्र्याचा आंबिया बहार फुलला होता तेव्हा.' आणि लिहिणाराही बागाईतदाराचाच पोरगा असावा, त्यानं तेच लिहून घेतलं. आता हा कागद घेऊन मी एका दफ्तरातून दुसऱ्या दफ्तरात. एक बाबू म्हणाला, "ये बहार कौनसी तारीख को आती है?" मी बापूजींना बोलावून घेतलं. ते आले आणि बाबूलाच विचारू लागले, "कोणच्या बागेतला बहार म्हणता? नाल्याकडची बाग आधी फुलते, टेकाडावरची मंग." बाबूनं डोकं धरलं. शेवटी तोच बिचारा म्हणाला, "छब्बीस जनवरी लिख दें? झंडे के दिन की है, याद रहेगी।" त्या बाबूचं भलं होवो. दरवर्षी अख्खा देश माझ्या मुलीच्या वाढदिवसाला झेंडा लावतो, हे त्याचेच उपकार.

ॲडमिशन झाली. मॅडमनी एकच अट घातली, "घर में भी इंग्लिश बोलना. मराठी बोलेगा तो बच्ची का इंग्लिश नहीं आएगा." शाळेत तर नियमच होता. मराठी बोलणाऱ्यानं तोंडावर बोट ठेवून बसायचं. मी घरी येऊन जाहीर केलं की आजपासून या घरात इंग्रजी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला इंग्रजी येते. मॅट्रिकला होती, आणि वीस वर्षं मंडीतल्या कागदांवर तीच तर आहे. फक्त ती कागदावरची आहे. सकाळी दुधाचा ग्लास ठेवून मी अनूला म्हणालो, "विथ रेफरन्स टू युवर मिल्क, प्लीज डू द नीडफुल." ती ग्लासाकडे पाहे, माझ्याकडे पाहे. थोड्या वेळानं मी रिमाइंडर दिला. दूध थंड झालं, त्यावर साय आली. मंगलानं ग्लास उचलून तिच्या तोंडाला लावला, एक अक्षर न बोलता. मला ते नियमाला धरून वाटलं.

मंगलाला इंग्रजी शब्द येत होते ते कम, गो, सिट, नो आणि थँक्यू. एवढ्यावर त्या बाईनं घर चालवलं. मला जेवायला 'कम', जेवण झालं की 'गो'. माझा मान कुठे राहिला ते विचारू नका. पण एक दिवस शेजारच्या मनकर्णाबाई वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. मंगलाला म्हणायचं होतं की काकू, सकाळचं दही सरलं, संध्याकाळी लावते तेव्हा पोरीच्या हाती पाठवून देते. एवढी इंग्रजी आणायची कुठून? ती म्हणाली, "नो."

मनकर्णाबाईंनी वाटी पदराखाली घेतली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या, "माह्याच विरजणावर इतके दिवस दही लावलं, अन् आता मलेच नो म्हणते? इंग्रजी शिकून राहिले का माणुसकी इसरून राहिले?" मंगला रात्रभर रडली. मराठीत. मी ते चालवून घेतलं.

मग दूधवाला भैय्याजी. त्याला मी दारातून नुसतं "टुडे वन लिटर ओन्ली" म्हणालो. तो समजला दुधातलं पाणी तपासायला कोणी नवा साहेब आला. कॅन तिथंच टाकून पळाला आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या गल्लीत फिरकलाच नाही. साऱ्या गल्लीचा चहा बंद झाला, त्याला जबाबदार मी. देवीदासजी संध्याकाळी खिडकीशी येऊन उभे राहायचे आणि चार माणसं गोळा करून आमचा संसार ऐकायचे. "आज काय म्हणून राहिले?" असं कोणी विचारलं की सांगायचे, "आज हिअरविथ म्हणून राहिले."

हे सगळं मी सोसलं असतं. पण या गडबडीत एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. अनू बोलत नव्हती.

आधी मला ती शिस्त वाटली. शाळेतूनही निरोप आला की अनुराधा फार शहाणी मुलगी आहे, वर्गात आवाज नाही. मी तो निरोप ऑफिसात सगळ्यांना सांगितला. मंगलाला आधी कळलं. ती म्हणाली, "अहो, ते भावलीशी बी बोलत नाही आता." ही तीच मुलगी होती जी आंघोळ करताना बादलीशी बोलायची, जेवताना भाकरीशी बोलायची. मी तिला जवळ घेऊन विचारलं, "काय झालं माय?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

त्याच दिवशी मी घरातला इंग्रजीचा नियम उठवला. मी मराठी पुन्हा सुरू केली. मी बोललो, मंगला बोलली, मनकर्णाबाई सगळं विसरून वाटीभर शिरा घेऊन आल्या आणि दोन तास बोलल्या. अनू ऐकायची, मान हलवायची, काम सांगितलं तर करायची. शब्द नाही. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली आणि टॉनिक दिलं. देवीदासजींनी वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं. मनकर्णाबाईंनी नवस बोलला, तोही माझ्या नावानं, म्हणजे फेडायला मी. ज्यानं जे सांगितलं ते केलं. मुलगी कायमची गप्प झाली तर काय करायचं, हा एकच विचार डोक्यात. इंग्रजी गेली खड्ड्यात, तिनं एकदा 'बाबा' म्हणावं.

त्यातच मॅडमनी बोलावलं. पोळ्याच्या सुट्टीनंतर शाळेला मान्यता द्यायला छिंदवाड्याहून साहेब येणार होते. प्रत्येक मुलानं स्टेजवर चार ओळी म्हणायच्या होत्या. अनूला गाईवरच्या ओळी दिल्या होत्या. "नहीं बोलेगी तो मैं कैसे रखूँगी?" मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. उलट त्यांचाच चेहरा उतरला होता, कारण मान्यता गेली तर त्यांची शाळाही जात होती.

पोळ्याला आम्ही सासुरवाडीलाच जातो. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकायची जत्रा. दगड चुकवण्यापेक्षा सासऱ्याचे टोमणे बरे. बापूजींना मी सगळं सांगितलं. त्यांनी अनूला आपल्या मांडीवर बसवलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "जवाईबुवा, पोट्टी मुकी नाही झाली. दुकान बंद हाय. माल अंदरच हाय."

संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले. झूल, बेगड, शिंगांना फुगे. बापूजी आमच्याकडचे नावाजलेले झडतीवाले. झडती म्हणजे पोळ्यात कोणी एक जण कानावर हात ठेवून, गळा ताणून दोनचार ओळी फेकतो, शेवटी 'एक नमन गौरा पार्वती' म्हणतो, आणि अख्खा गाव 'हर बोला हर हर महादेव' म्हणून जबाब देतो. जबाब मिळाल्याशिवाय झडती पुरी होत नाही. बापूजींनी तीन झडत्या म्हटल्या, त्यांतली एक जावयावर होती. गाव हसला. अनू त्यांच्या खांद्यावर बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात बापूजी मला म्हणाले, "पोट्टीले काय म्हणा लागते शाळेत? म्हणून दाखवा."

मी घसा साफ करून म्हटलं, "माय काऊ इज व्हाइट, हर बेल इज न्यू, शी गिव्ज मी मिल्क, आय से थँक यू."

"म्हणजे?"

"माझी गाय पांढरी, तिची घंटी नवी. ती दूध देते, मी तिले थँक्यू म्हणतो."

"इंग्रजाइचे लोकं बी गाईले थँक्यू म्हणते?" बापूजी खूश झाले. "चांगले लोकं हाय. बरं, पुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच."

"एवढंच कसं? लोकं काय म्हणन मंग?"

"लोक टाळ्या वाजवतात."

बापूजींनी हातातली वैरण खाली ठेवली. "गाईच्या नावानं बोललं अन् लोकाइनं निसत्या टाळ्या वाजवाव? जवाईबुवा, हे तं झडतीच होय. पण तुमच्या शाळेनं अर्धीच शिकवली." आणि कानावर हात ठेवून त्या माणसानं सुरू केलं, "माऽऽय काऊऽ इज व्हाऽऽइट!" इंग्रजीची ती अवस्था पाहून मला राहवेना. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर मंगलानं दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. तिनं नजरेनं दाखवलं. अनू गव्हाणीच्या कडेला बसली होती, तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण हलत होते. बापूजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते बैलांना झडती ऐकवत राहिले आणि गोठ्यातली माणसं जबाब देत राहिली.

परत निघालो तेव्हा बापूजी आमच्याबरोबर बसमध्ये चढले. कोणी बोलावलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी गोदाम भरलं होतं. मंडीत येणारे कास्तकार, त्यांच्या बायका, देवीदासजी, मनकर्णाबाई, नवस कुठवर आला ते पाहायला. छिंदवाड्याचे साहेब, रघुनाथराव त्यांचं नाव, पुढच्या खुर्चीत सोनेरी काड्यांचा चष्मा लावून बसले होते. पोरं आली, ओळी म्हणून गेली, टाळ्या झाल्या. मग अनू आली.

ती उभी राहिली. बाजूनं मॅडमनी हळूच पहिली ओळ सांगितली. अनू गप्प. मॅडमनी पुन्हा सांगितली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आणि मंगला, जिनं महिनाभर या घरात मोजून शब्द वापरले, ती भर सभेत उभी राहून ओरडली, "बोल माय! कशी बी बोल!"

अनूनं आईकडे पाहिलं. मग डावा हात कानावर ठेवला, मान वर केली, आणि एवढ्याशा जिवातून असा आवाज काढला की वरच्या पत्र्यावरचा कापूस खाली आला. "माऽऽय काऊऽ इज व्हाऽऽइट! हऽर बेल इज न्यूऽऽ! शी गिव्ज मी मिऽऽल्क! आय से थँक यूऽऽ! एऽऽक नमन गौऽरा पार्वतीऽऽ..."

आता तुम्हीच सांगा, सौसर-पांढुर्ण्याचा माणूस यावर गप्प बसेल? अख्खं गोदाम उठलं. "हर बोला हर हर महादेव!" मनकर्णाबाई उठल्या, देवीदासजी उठले, मी उठलो. गुणवंता चपराश्यानं जोशात शाळेची घंटा बडवली, सुट्टी झाली समजून अर्धी पोरं दप्तरं घेऊन पळाली. मॅडमना वाटलं दंगा झाला. त्या टेबल धरून उभ्या राहिल्या. आणि समोरच्या खुर्चीपाशी एक हात वर करून रघुनाथराव साहेब उभे होते. जबाब त्यांनीही दिला होता, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. साहेब मूळचे सौसरजवळच्या लोधीखेड्याचे निघाले.

ते खाली बसले, चष्मा सारखा केला आणि मॅडमना गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, बच्ची ने अंग्रेज़ी रटी नहीं है, अपनी कर ली है." मान्यता मिळाली. त्या साहेबांचे, त्या गोदामातल्या एकेका माणसाचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. एक जण जरी त्या वेळी नुसता हसला असता तर पोरीचं दुकान पुन्हा बंद झालं असतं. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी जबाब दिला.

फाटकाबाहेर येताच अनूनं मंगलाचा पदर ओढला. "आई," ती म्हणाली, "मले भूक लागली."

मंगला तिथंच रस्त्याच्या कडेला बसली आणि पोरीला कवटाळून हसली आणि रडली. मीही रडलो. लोकांनी पाहिलं तर पाहिलं. घरी पोचेपर्यंत अनूनं इतक्या दिवसांचं सगळं काढलं: दूध थंड काऊन देता, भैय्याजी कुठी गेला, शिऱ्यात साखर कमी होती, हिअरविथ म्हणजे काय.

संध्याकाळी बापूजींनी मॅडमना जेवायला बोलावलं. ते स्वतः जाऊन हाताच्या खुणांनीच बोलावून आले. मंगलानं पुरणपोळ्या केल्या. मॅडम पाटावर बसल्या, संकोचून. बापूजींना मॅडमशी खूप बोलायचं होतं, मॅडमना बापूजींचं काही कळत नव्हतं. मी पुढे सरसावलो, पण माझ्याआधी अनू दोघांच्या मध्ये जाऊन बसली. बापूजी वऱ्हाडीत विचारायचे, ती तिच्या मोडक्या इंग्रजीत मॅडमना विचारायची, उत्तर परत वऱ्हाडीत आणायची. आता मॅडमचा मराठीवरचा राग कुठे गेला कोण जाणे, त्या एकटक तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"विचार तुह्या मॅडमले," बापूजी म्हणाले, "पोटभर जेवल्या का?"

अनूनं विचारलं. मॅडम हसून म्हणाल्या, "येस, व्हेरी हॅपी."

"बापूजी, मॅडम म्हणते का पोट भरलं," अनू म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण तिले घरची लय आठवण येऊन राहिली."

"असं म्हणल्या त्या?"

"नाही म्हणली. तिच्याशी तिच्या घरचं बोलाले इथं कोणीच नाही नं. मले माहीत हाय कसं वाटते ते."

मॅडमनी अनूकडे पाहून विचारलं, "व्हॉट डिड यू से?" आणि अनूनं तिला येत होतं तेवढ्या इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, यू मिस युवर मदर." मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. मंगला चुलीपासून उठली, त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, वर तूप सोडलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "खा माय. तुमच्या बोलीत बोला, आम्ही ऐकतो." आणि मॅडम त्यांच्या भाषेत बोलू लागल्या, हळूहळू, मग भरभर. आम्हाला एक शब्दही कळत नव्हता. जेवण थंड होईपर्यंत आम्ही ऐकत बसलो.